नमिता नावाची मुलगी

सांगलीहून साताऱ्याला जाणाऱ्या एसटीत खिडकीकडची जागा मिळाली की मी कानात इअरफोन घालते आणि शेजारच्या माणसाशी बोलायची वेळ येऊ नये अशी प्रार्थना करते. एकदा ती फळली नाही. आष्ट्याला एक आजी चढल्या, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि थोड्या वेळानं त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. एका कानातली वायर निसटली होती, आवाज बाहेर येत होता.

"कुठली गं ही गाणी? कानडी हायत का?"

"जपानी, आजी."

"अगं बया. कळत्यात का तुला?"

"आता थोडी थोडी."

"आणि आधी?"

"आधी नव्हती कळत."

"मग काय ऐकत हुतीस?"

मी हसून वेळ मारून नेली. आजी इस्लामपूरला उतरून गेल्या. बस पेठ नाक्याला महामार्गावर आली, कराड मागे पडलं, तरी मला उत्तर सापडलं नव्हतं. ही गाणी मी चौदा वर्षांची असल्यापासून ऐकते. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं एका अक्षराचा अर्थ माहीत नसताना ऐकली.

सुरुवात साताऱ्यातल्या आमच्या घरच्या टीव्हीवर झाली. 2005 साली मी नववीत होते. ॲनिमॅक्स नावाचं चॅनल आदल्या वर्षी भारतात सुरू झालं होतं आणि आमच्या केबलवाल्यानं ते कुठल्या तरी भलत्याच नंबरवर टाकलं होतं. त्यावर 'इनुयाशा' लागायची. विहिरीत पडून पाचशे वर्षं मागे गेलेली शाळकरी मुलगी आणि अर्धा राक्षस असलेला पोरगा, अशी ती गोष्ट. संवाद इंग्रजीत डब केलेले, पण शेवटी नावांबरोबर लागणारं गाणं जपानीच ठेवलेलं. धाकटा भाऊ तेवढ्यात रिमोट ओढायचा आणि आमची मारामारी व्हायची. मालिका मला बरी वाटायची, पण मी बसायचे त्या शेवटच्या दीड मिनिटासाठी. एक बाई अगदी पातळ, तुटेल की काय अशा आवाजात गायची. तिचं नाव आयुमी हमासाकी, गाण्याचं नाव 'डिअरेस्ट', ते 2001 मधलं आणि त्याला त्या वर्षीचं जपान रेकॉर्ड अवॉर्ड मिळालं होतं, हे सगळं मला वर्षभरानं राजवाड्याजवळच्या एका सायबर कॅफेत कळलं. तासाला वीस रुपये घ्यायचे. गाणं अर्ध्यावर अडकायचं आणि चक्र फिरत राहायचं. माझे निम्मे पैसे ते चक्र बघण्यात गेले.

गाणं घरी कसं न्यायचं? मी ते वहीत उतरवून घ्यायला लागले. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या कव्हरची वही. ऐकू येईल तसं देवनागरीत लिहायचं. आपली लिपी याला इतकी चपखल बसते की रोमन लिपीत झटापट करणाऱ्यांची मला कीव येते. जपानीत स्वर पाचच: आ, इ, उ, ए, ओ. पुढे क्लासमध्ये त्यांची वर्णमाला शिकताना मी वर्गात मोठ्यानं हसले होते. आ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा, हा क्रम ऐकून मराठी माणसाला दुसरं काय होणार? बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे गेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून तो क्रम तिकडे रुजला. म्हणजे बाराखडी आमचीच, फक्त थोडी गळती झालेली.

पण लिपी चोख असली तरी कान कच्चे होते. जवळजवळ प्रत्येक गाण्यात एक शब्द यायचा, तो मी 'नमिता' असा लिहिला. हमासाकीच्या गाण्यात नमिता, उतादा हिकारूच्या गाण्यात नमिता, पुरुषांच्या बँडच्या गाण्यातही नमिता. वर्गात नमिता नावाची एक मुलगी होती, त्यामुळे मला काही वावगंही वाटलं नाही. सगळा जपान एका मुलीसाठी झुरतो आहे, असंच मी धरून चालले. तसाच 'किमी' हा शब्द. तो मात्र मी लिहिताना बिचकायचे, कारण गाण्यात किलोमीटर कशाला येतील?

जानेवारी 2008 मध्ये हमासाकीनं जाहीर केलं की तिच्या डाव्या कानाला आता ऐकू येत नाही, उरलेल्या कानावर ती गात राहणार आहे. मी ते त्याच कॅफेत वाचलं आणि रडत घरी आले. तोंडावर बारावीची परीक्षा होती. आई घाबरली. "कोण गेलं?" कोणी गेलं नाही, जपानातल्या एका गायिकेचा कान गेला, हे सांगितल्यावर तिनं कपाळाला हात लावला आणि कुकर लावायला उठून गेली. पुढे स्थळं बघायला लागल्यावर माझ्या बायोडेटात 'आवडी' या रकान्यात मी लिहिलेलं 'जपानी गाणी' तिनं खोडून 'वाचन, पाककला' केलं. दोन्ही खोटं होतं.

घरात माझ्या बाजूनं कोण उभं राहिलं असेल तर आत्या. आत्या साताऱ्यात घरी पेटीच्या शिकवण्या घ्यायची. मीही तिच्याकडे प्रवेशिकेपर्यंत शिकले आणि सोडून दिलं, याचा राग तिनं कधी काढला नाही, फक्त अधूनमधून आठवण करून द्यायची. एकदा मी तिच्या खोलीत मोबाइलवर क्यू साकामोतोचं 'उए ओ मुइते आरुको' लावलं. 'वर बघत चालू या' असा त्या नावाचा अर्थ. 1961 चं गाणं. 1963 च्या जूनमध्ये ते अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, सगळंच्या सगळं जपानीत. फक्त नाव तिकडच्या लोकांना उच्चारता येईना म्हणून त्याचं 'सुकियाकी' केलं. सुकियाकी हा मांसाच्या रश्श्याचा प्रकार आहे, गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. आपलं एखादं हळवं भावगीत परदेशात 'भडंग' म्हणून विकावं, तसलाच हा प्रकार.

आत्यानं डोळे मिटून ऐकलं. मग पेटीचा भाता सोडला, चार सूर वाजवले आणि म्हणाली, "अगं, हा भूप आहे."

मी म्हटलं, जपानी माणसाला कुठला आलाय भूप? तर तिनं पूर्ण मुखडा पेटीवर काढून दाखवला. मधल्या भागात गाणं भुपाबाहेर गेलं तेव्हा नाक मुरडून म्हणाली, "इथं बिघडवलं मेल्यानं." आणि मुखडा परत आल्यावर, "हां, आला घरी."

मी शोधाशोध केली तेव्हा कळलं की आत्या अगदी नेमकं बोलली होती. जपानी लोकप्रिय संगीतात एक स्वरावली पुनःपुन्हा येते, तिला 'योनानुकी' म्हणतात. 'यो' म्हणजे चौथा, 'ना' म्हणजे सातवा, 'नुकी' म्हणजे वगळलेला. चौथा आणि सातवा सूर वर्ज्य! आत्या पहिल्या दिवशी पोरांकडून हेच पाठ करून घ्यायची: भुपात म आणि नी वर्ज्य. गेन होशिनोचं 2016 मधलं 'कोई' त्याच घाटाचं आहे. केन्शी योनेझूनं लिहिलेलं आणि फूरिन नावाच्या पाच मुलांच्या गटानं गायलेलं 'पाप्रिका'ही तसंच. मला ज्या गाण्यांनी पहिल्यांदा धरलं, त्यांतली कितीतरी अशी निघाली. मी समजत होते की मी घर सोडून लांब कुठे तरी गेले आहे. प्रत्यक्षात आत्याच्या माजघरातच फिरत होते. पुढे तिला मी 'साकुरा साकुरा' हे त्यांचं जुनं पारंपरिक गाणं ऐकवलं, तर पहिल्या ओळीला, "गुणकली. सकाळी ऐकव, आत्ता काय." खरंच, सा, कोमल रे, म, प, कोमल ध.

आत्याला सगळंच आवडायचं असं नाही. आयडॉल गटांची गाणी मी लावली की ती म्हणायची, "या एवढ्या जणी एकाच सुरात का गातात? एकीनं गायलं तर काय होईल?" माझंही मत फार वेगळं नाही. एकेबी 48 सारख्या गटाची सीडी घेतली की आत हस्तांदोलनाचं तिकीट मिळायचं, मग चाहते त्या एका हातमिळवणीसाठी तीच सीडी वीस-वीस घ्यायचे. हे मला गाण्याचं वेड वाटत नाही. पण मी हे जरा तोऱ्यात बोलले तेव्हा आत्यानं मला गप्प केलं. तिची आजी भिलवडीची, बालगंधर्वांच्या नागठाण्याशेजारची. (महामार्गावर साताऱ्याजवळ लागतं ते नागठाणे वेगळं, हे पलूस तालुक्यातलं.) ती बाई म्हणे आयुष्यभर गंधर्व रंगमंचावर नेसायचे तशी नऊवारी नेसली. नाटक पाहिलं होतं एकच, आणि तेही लांबून. "तिला कोणी तिकीट दिलं असतं हात मिळवायचं," आत्या म्हणाली, "तर पाटल्या विकल्या असत्या तिनं."

नोकरीसाठी मी सांगलीत आले 2014 साली, एका पतसंस्थेत. मारुती चौकाजवळ तळमजल्यावर भाड्याची खोली. मोबाइलवर नेट आलं, यूट्यूब आलं, पण जपानी कंपन्या फार कद्रू. निम्म्या गाण्यांवर 'हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही' अशी पाटी. 2019 च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात आलं तेव्हा मी त्या रात्री झोपले नाही.

त्याआधीच मी जपानी शिकायला लागले होते. सांगलीत क्लास मिळेना, पुण्यात गल्लोगल्ली. शुक्रवारी रात्री सातारा, रविवारी पहाटे सातारा-पुणे, दुपारी क्लास, संध्याकाळी थेट सांगली. वर्षभर केलं. 2018 च्या डिसेंबरमध्ये एन 5 ही सगळ्यात खालची परीक्षा दिली. 180 पैकी 80 गुणांना पास करतात, मला 112 मिळाले.

आणि याच क्लासात नमिता वारली. शब्द 'नमिता' नव्हताच, तो 'नामिदा' होता. नामिदा म्हणजे अश्रू. शिक्षिकेनं फळ्यावर लिहिलं, मी हात वर करून दोनदा विचारलं. 'किमी' म्हणजे 'तू'. त्या रविवारी सांगलीला परतताना कराडच्या पुढे अंधारात बसच्या दिव्यांत पाट्या उजळत होत्या: इस्लामपूर अमुक किमी, सांगली अमुक किमी. शेजारी एक गृहस्थ घोरत होते, आणि मला हसू आवरत नव्हतं.

पण घरी येऊन वही उघडल्यावर मला चक्क वाईट वाटलं. बारा वर्षं जिच्या दुःखात मी सामील होते ती मुलगी नव्हतीच. आणि कळायला लागलेली काही गाणी अगदीच सुमार निघाली. एका गायकाच्या आवाजात मला केवढी तरी गूढ वेदना ऐकू यायची. तो उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्रावर जायचं म्हणत होता. मी लाल पेनानं वहीत दुरुस्त्या करायला घेतल्या, पंधरा-वीस पानं केली आणि सोडून दिलं. बाकीची पानं चुकीचीच बरी वाटली.

ती वही कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. 2019 च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णेचं पाणी वाढत गेलं. सांगलीत प्रत्येकाच्या तोंडी एकच आकडा असतो, आयर्विन पुलाजवळ किती फूट. 45 फूट ही धोक्याची पातळी. ती ओलांडल्यावरही आमच्या गल्लीतले लोक 2005 ला कुठपर्यंत आलं होतं त्या खुणा एकमेकांना दाखवत, इथवर काही येत नाही म्हणत होते. मी एक पिशवी भरली: कागदपत्रं, दोन ड्रेस, चार्जर. वही काही आठवली नाही. विश्रामबागला ऑफिसातल्या मैत्रिणीकडे गेले. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 8 तारखेला ब्रह्मनाळची बोट उलटल्याची बातमी आली. मैत्रिणीचं माहेर त्याच पट्ट्यातलं. त्यानंतर घरात कुणी फारसं बोललं नाही.

क्यू साकामोतो 12 ऑगस्ट 1985 ला गेला. टोकियोहून ओसाकाला निघालेलं जपान एअरलाइन्सचं 123 क्रमांकाचं विमान डोंगरावर आदळलं, 520 माणसं मेली, चार वाचली. तो 43 वर्षांचा होता. दर 12 ऑगस्टला मी 'उए ओ मुइते आरुको' ऐकते, हा माझा एक खासगी नेम आहे. 2019 च्या 12 ऑगस्टला ऐकलं नाही. मोबाइलमध्ये नऊ टक्के चार्ज होता आणि आईला फोन करायचा होता.

पाणी उतरल्यावर खोलीत गेलो तेव्हा गाळ घोट्याच्या वर होता आणि वास असा की त्यानंतर महिनाभर जेवण गेलं नाही. कपाट फुगून त्याचं दार उघडेना, घरमालकीणकाकूंच्या मुलानं पहारीनं उघडलं. वहीचा लगदा झाला होता. माझ्या निळ्या शाईचं पाणी झालेलं, लाल मात्र कुठे कुठे टिकलेली. काकूंचं त्या मानानं कितीतरी जास्त गेलं होतं: धान्य, गाद्या, फ्रीज, मुलीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेलं सगळं. मिक्सरच्या भांड्यातून चमच्यानं गाळ काढत त्या म्हणाल्या, "नदी मोजणीला आली होती बघ. तिची जागा तिनं मोजून घेतली. आपणच हद्दीत बसलोय."

दोन महिन्यांनी, 11 ऑक्टोबरला, माकोतो शिनकाईचा 'वेदरिंग विथ यू' भारतात प्रदर्शित झाला. भारतातल्या चाहत्यांनी त्यासाठी ऑनलाइन अर्ज केला होता, मीही सही केली होती. गाणी माझ्या आवडत्या रॅडविंप्स या बँडची. पण कशावरचा सिनेमा आहे हे मी नीट वाचलंच नव्हतं. मी रविवारी पुण्याच्या एका मल्टिप्लेक्समध्ये जाऊन बसले आणि पडद्यावर पाऊस सुरू झाला. टोकियोत थांबतच नाही असा पाऊस. एक मुलगी प्रार्थना करून ऊन आणू शकते, पण त्याची किंमत म्हणून तिचा बळी जाणार. शेवटी तिच्यावर प्रेम करणारा पोरगा तिला परत आणतो आणि म्हणतो, हवामान राहू दे तसंच. मग तीन वर्षं पाऊस पडत राहतो आणि टोकियोचा सखल भाग पाण्याखाली जातो.

आजूबाजूची पुण्यातली पोरं डोळे पुसत होती. मला संताप आला होता. एका मुलीसाठी अख्खं शहर बुडवायला निघालेल्या या पोरानं कधी मिक्सरमधून गाळ काढला आहे का? सिनेमातल्या एका गाण्याचं नावच 'प्रेमाला अजून काही करता येईल का' असं आहे. महिनोन्‌महिने मी ते डोळे मिटून ऐकलं होतं. आता शब्द कळत होते आणि मला त्या गाण्याशी भांडायचं होतं. भाषा येत नव्हती तोवर असं भांडण माझं कुठल्याच गाण्याशी झालं नव्हतं.

मग शेवटाकडे एक म्हातारी येते. तिचं जुनं घर पाण्याखाली गेलेलं आहे, ती आता फ्लॅटमध्ये राहते. तो मुलगा तिची माफी मागतो. ती सहज म्हणते, अरे, तो भाग मुळात खाडीच होता, माणसांनी आणि हवामानानं हळूहळू बदलला, आता पुन्हा पहिल्यासारखा झाला इतकंच.

मी खुर्चीत ताठ बसले. काकूंचं बोलणं टोकियोतली म्हातारी बोलत होती. त्या पोराला मी अजून माफ केलेलं नाही. पण गाणं परत ऐकायला लागले, आणि ते संपेपर्यंत थिएटरमधून उठले नाही. सांगलीला आल्यावर काकूंना गोष्ट सांगितली, तर त्या म्हणाल्या, "त्या बाईला विमा मिळाला का?"

आता माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, विश्रामबागला. नवी वही केली आहे. डाव्या पानावर कानाला येईल तसं लिहिते, कोश न बघता, चुका तशाच ठेवून. आठवडाभरानं उजव्या पानावर बरोबर शब्द आणि अर्थ. काही उजवी पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत. गेल्या गणपतीत बिल्डिंगमधल्या मुलांना 'पाप्रिका'वरचा नाच शिकवला. आत्या साताऱ्याहून आली होती, ती पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून मांडीवर ताल देत होती आणि शेजारच्या बाईला सांगत होती, "भूप आहे हा, म-नी वर्ज्य."

सांगली-साताऱ्यात आणखी कोणी ही गाणी ऐकत असेल, तर मला भेटायला आवडेल. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराची सातारा गाडी, डाव्या बाजूची खिडकी. कानात वायर असली तरी दंडाला हात लावा.